खालचा खडा

वेणूकाकूंना मी पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा त्या विहिरीच्या तोंडाशी एका माणसाला अडवून उभ्या होत्या. माणूस मोटार दुरुस्त करून वर आला होता. कमरेपर्यंत ओला, खांद्यावर दोर, दातांत पाना. शेवटची पायरी तेवढी चढायची राहिली होती आणि तिथेच काकू तळहात पसरून उभ्या होत्या.

“खडा दे.”

“काकू, आधी वर तं येऊ द्या.”

“खडा दे, मंग ये.”

त्याने पाना हातात घेतला, सदऱ्याच्या खिशातून एक खडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. काकूंनी तो अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि दूर फेकून दिला.

“हा रोडवरचा हाय. डांबर लागेल हाय त्याले. खालचा आण.”

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीच्या शाळेत नुकतीच बदलून आले होते. काकूंची पुढची खोली भाड्याने घेतली होती आणि आदल्या संध्याकाळीच सामान टाकले होते. तोंडात ब्रश तसाच ठेवून मी हे पाहत राहिले. त्या माणसाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तालुक्याहून न्यायनिवाडा करायला आले आहे. मग निमूटपणे दोर सावरून तो परत खाली उतरला आणि ओला, काळा, शेवाळ लागलेला खडा घेऊन आला. काकूंनी तो घेतला, बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “आता चहा घे.”

तो सलीमभाई. आसपासच्या सगळ्या विहिरींच्या मोटारी त्याच्याच हाताखालून जातात. पुढे ओळख झाल्यावर तो मला म्हणाला, “मॅडम, बाकीच्या विहिरीत मी एकदा उतरतो. या बाईच्या विहिरीत दोनदा उतरा लागते. मजुरी मात्र एकदाचीच.” पण काकूंचा निरोप गेला आणि सलीमभाई आला नाही, असे मी कधी पाहिले नाही.

मी देऊळगाव राजाची. शाळेत विज्ञान शिकवते. घरमालकीण जरा सरकलेली आहे, असे मी त्या सकाळी मनाशी ठरवून टाकले. संध्याकाळी साखर मागायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि ते मत अजूनच पक्के झाले. पत्र्याचे घर, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला लाकडी फळ्या. ज्या फळ्यांवर इतरांच्या घरी डबे आणि पितळी भांडी चकचकीत मांडलेली असतात, तिथे दगड होते. प्रत्येक दगड वाटीत, झाकणीत किंवा बशीत बसवलेला. त्यांच्या मागे, दाटीवाटीने, बिचाऱ्या थाळ्या उभ्या होत्या.

मग मी जवळ गेले आणि साखर विसरले. एक हिरवागार, काचेसारखा पारदर्शक, पण इतके रेखीव कोपरे कुठल्या काचेला नसतात. एकावर फिकट केशरी पात्यांच्या जुड्या, कडब्याच्या पेंढ्या मधोमध आवळून बांधाव्या तशा. एका काळ्या कपारीत पांढऱ्या सुयांचा गोळा, हात लावला तर मोडेल इतका नाजूक. आणि यांच्याच रांगेत, त्याच मानाने, अगदी साधे भोकाभोकांचे काळे दगडही बसलेले. शेताच्या बांधावर पडले तर कोणी ढुंकून पाहणार नाही असे.

“कुठले हो काकू हे?”

“पुण्याचे.”

“पुण्यात कुठले?”

“पुण्याच्या खालचे,” त्या म्हणाल्या आणि साखरेचा डबा पुढे केला.

काकूंचे माहेर आणि सासर एकाच गावात. वडील विहिरी खोदायचे. सुरुंगाचे काम. संध्याकाळी ते वर आले की काकूंची आई विहिरीच्या काठावर हात पसरून उभी असायची. तळाचा एक खडा तिच्या हातावर ठेवायचा आणि मगच घराकडे निघायचे. तो खडा ती पाण्याच्या माठाखाली सारून द्यायची. यात पूजाअर्चा काही नाही. मी खोदून खोदून विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, “खाली गेलेल्या माणसाचं मन खालीच अटकून राह्यते, मॅडम. काई उचलून आणलं का तेही संगं वर येते.” मी विज्ञानाची बाई. मी म्हटले, असे कुठे असते का? त्या म्हणाल्या, “नसन. पण माहा बाप रोज वर आला ना?”

काका, म्हणजे काकूंचे यजमान, पुण्यात पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. शहराच्या पोटातून रेल्वे न्यायची म्हणून मोठमोठे खड्डे आणि बोगदे खोदणे चालू होते, तिथे त्यांचा टँकर लागला. काकू सोबत गेल्या. आधी काकांपुरत्या भाकरी, मग टँकरवाल्या दोघा-चौघांच्या, मग खड्ड्यात उतरणाऱ्या मजुरांच्या. ताडपत्री टाकून खानावळच उभी राहिली. काका काविळीने गेले, तरी काकू परतल्या नाहीत. “इतकी खाणारी तोंडं टाकून कशी येऊ?” असे त्यांचे म्हणणे.

मजूर सगळे मुलखावेगळे. बिहारचे, झारखंडचे, ओडिशाचे. काकूंचे वऱ्हाडी त्यांना कळेना आणि त्यांचे हिंदी काकूंना अर्धेच कळे. पण पाळी संपवून माणसे वर आली की ताडपत्रीच्या तोंडाशी ही बाई हात पसरून उभी. “खडा दे” हे त्या सगळ्यांनी शिकलेले पहिले मराठी. खडा नाही तर पोळी नाही. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. दोघांनी विटेचा तुकडा आणून फसवून पाहिले. काकूंनी त्यांना तसेच भुकेले परत पाठवले. मग सवय लागली. खाली खडक फुटला आणि त्यात चमकणारी कपार निघाली की माणसे त्यातला एखादा तुकडा मौसीसाठी बाजूला ठेवू लागली. साधा काळा खडा आणला तरी काकूंना चालायचा. फक्त खालचा हवा.

त्या स्वतः कधीच खाली उतरल्या नाहीत. मुकादमाने एकदा हौसेने विचारले होते, चला मौसी, क्रेनच्या पाळण्यातून नेऊन आणतो. काकूंनी साफ नकार दिला. “मी खाली गेली तं वर कोण राह्यन?”

मला राहवले नाही. मी शाळेतल्या पुस्तकात पाहून, कुणाकुणाला फोटो पाठवून दोन-चार दगडांची नावे शोधून काढली. कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि वाट्यांना चिकटवायला गेले. काकूंनी करू दिले. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या उंबऱ्यावर व्यवस्थित गठ्ठा करून ठेवलेल्या होत्या.

“का हो काढल्या?” मी विचारले.

“मॅडम, तुम्ही शाळेत हजेरी घेता तं पोट्ट्यायचं नाव घेता का त्यायच्या सदऱ्याचं?”

आणि मग त्यांनी मला फळीवरची हजेरी ऐकवली. हा हिरवा बिहारच्या एका दांडगटाचा, कांदा फोडून दिल्याशिवाय घास उचलायचा नाही. हा केशरी जुडीवाला झारखंडच्या मुन्नाचा. त्याची बायको फोनवर रोज रडायची आणि हा रोज भाजीत तिखट वाढवून मागायचा, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळायचे. हा भोकाभोकांचा एका म्हाताऱ्याचा, दात नव्हते, त्याला पोळी वरणात कुस्करून द्यावी लागे. एकाही दगडाच्या रंगाचे किंवा चमकेचे त्यांनी कौतुक केले नाही. कोण आणि काय खायचा, एवढेच. मी चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

काकू म्हणजे प्रेमाचा सागर वगैरे होत्या, असे कोणी समजू नये. मी खोलीबाहेर पडले की माझा पंखा बंद करायच्या, मी आत असले तरी कधी कधी. नळाला पाणी आले की शेजारणीशी असे भांडण काढायच्या की ऐकणाऱ्याने वही घेऊन बसावे. माझ्या ताटात शिल्लक राहिलेले त्यांना बघवायचे नाही. “मॅडम, तुमचं खाणं चिमणीचं अन् बोलणं मैनेचं,” असे म्हणत पुन्हा वाढायच्या. त्यांची तिखटजाळ वांग्याची भाजी खाऊन मी पहिल्या आठवड्यात दोनदा रडले. त्यांनी समजूत घातली, “रडा रडा, मोकळं वाटते.”

पुण्याचे काम संपले तेव्हा माणसे पांगली. काकूंनी खानावळ उचलली, दगड एकेक करून कापडात गुंडाळले आणि पत्र्याच्या पेटीत भरले. एसटीच्या टपावर पेटी चढवताना हमालाची कंबर धरली. कंडक्टरने विचारले, “काय आहे यात?”

“दगडं.”

“बाई, खरं सांगा.”

“खरंच सांगून राह्यली.”

त्याने पेटी उघडायला लावली. आत पाहिले, झाकण लावले आणि म्हणाला, “उंद्रीत दगड मिळत नाहीत का, पुण्याहून नेता?” सगळी गाडी हसली. काकूंनी सीटवर बूड टेकत उत्तर दिले, “उंद्रीतल्या दगडाले मी कवा जेवू घातलं?” हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगायच्या आणि दर वेळी कंडक्टरचे नाक थोडे लांब व्हायचे.

त्या पेटीत लोकनाथचा दगड होता. माझी सगळी गोष्ट खरे म्हणजे इथून सुरू होते.

लोकनाथ ओडिशाचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, खडकात भोके पाडणाऱ्या मशीनवर काम करायचा. पोळी त्याला गिळवत नसे. भात हवा, आणि तोही आदल्या दिवशीचा, पाण्यात भिजवलेला, वर कांदा-मिरची. काकूंना हा प्रकार आधी बघवेना. “भाताले काय आंघोळ घालतो बे?” असे त्या विचारायच्या आणि तो खाली मान घालून हसायचा. पण त्याच्यासाठी एक पातेले रोज वेगळे भिजत पडू लागले. उन्हाळ्यात काकूंनी स्वतः चाखून पाहिले. पुढे त्याही दुपारी तेच खाऊ लागल्या. उंद्रीला परत आल्यावरही त्यांची ती सवय सुटली नव्हती.

त्याचा दगड पांढरट, किंचित गुलाबी, लांबट कांड्यांचा जुडगा. काकूंनी खानावळीत तो पाण्याच्या ड्रमजवळ ठेवला होता, कारण लोकनाथची बसायची जागा तिथे होती. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी नंबर दिले-घेतले. काही महिन्यांत लोकनाथचा फोन लागेनासा झाला. दिवाळीला मुन्नाचा फोन यायचा. मी आले त्या वर्षी त्याने सांगितले, लोकनाथ दक्षिणेत कुठल्या तरी शहराखाली कामाला गेला. मागून हेही म्हणाला की तिकडे खाली काही तरी झाल्याचे ऐकले होते. कोणाला काय झाले, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

त्या दिवशी काकूंनी लोकनाथचा दगड मधल्या फळीवर, येता-जाता दिसेल असा आणून ठेवला.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्याखाली ठेवलेली पेन्सिलसुद्धा वाकडी होईल की काय असे वाटते. लोकनाथच्या दगडाची चमक आधी गेली, तो खडूसारखा दिसू लागला. मग त्याला बारीक चिरा पडल्या. एक दिवस मी शाळेतून आले तर काकू स्वयंपाकघरात फळीपुढे उभ्या. वाटीत पांढरा भुगा होता. पिठासारखा. त्यात दोन-तीन कांड्या उरल्या होत्या, त्याही काकूंनी बोट लावताच विरघळल्यासारख्या पडल्या.

“लोकनाथ गेला, मॅडम,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे माणूस गेला की स्मशानात मडक्याला खड्याने भोक पाडतात आणि तो खडा दहाव्यापर्यंत जपून ठेवतात. जीवखडा म्हणतात त्याला. गेलेल्याचा जीव तोवर त्या खड्यात असतो, अशी समजूत. दगडात माणूस असतो, हे काकूंना कोणी शिकवायची गरजच नव्हती. ते त्यांच्या लहानपणापासूनचे. दगडाचे पीठ झाले, म्हणजे आतला माणूस गेला. त्यांच्या हिशेबात दुसरे काही बसेना.

मी चिडले. मी रोज मुलांना शिकवते की मांजर आडवे गेल्याने काही होत नाही, आणि माझ्याच डोळ्यांदेखत ही बाई एका जित्याजागत्या माणसाला मारून टाकत होती. मी पुष्कळ बोलले. काकू ऐकत राहिल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी पाण्यातला भात सोडला. पातेले घासून पालथे घातले. पौर्णिमेला त्या लोकनाथच्या नावाने खीर करून दारावरून जाणाऱ्या पोरांना वाटू लागल्या, तेव्हा मात्र मी बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला. त्यांनी दगडाचे वर्णन ऐकले आणि सहज सांगितले, त्या जातीच्या दगडाच्या अंगात पाणी असते. कोरड्या हवेत ते उडून जाते आणि दगडाचा भुगा होतो. ओलीत ठेवला तर टिकतो.

मी धावत येऊन काकूंना हे सांगितले. मला वाटले, झाले, सुटल्या.

काकूंनी भुग्याची वाटी पुढे ओढली. मग म्हणाल्या, “म्हंजे तो तहानेनं गेला.”

“काकू, दगड. दगडातलं पाणी...”

“तेच म्हणून राह्यली. पुण्यात मी त्याले ड्रमापाशी ठेवला होता तं चांगला होता. इथं आणून तापल्या पत्र्याखाली ठेवला. भातही पाण्यातला मागे तो. दगडही पाण्याचाच दिला त्यानं. मले कळाले नको काय?”

आधी त्यांना फक्त दुःख होते. माझ्या विज्ञानाने त्यात ठपकाही घालून दिला. ते खरे होते की नव्हते, हा प्रश्नच उरला नव्हता. लोकनाथ जिवंत आहे, हे लोकनाथनेच सांगितल्याशिवाय या बाईला चैन पडणार नाही, एवढे मला कळले.

भुगा त्यांनी टाकला नाही. वाटी तशीच ठेवली आणि वर झाकणी घातली. त्याच वर्षी त्यांचे छातीचे दुखणे सुरू झाले. चिखलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिना चढू नका म्हणून सांगितले. “घरात जिना हाय काय माह्या?” असे त्यांनी डॉक्टरांना विचारले. पण विहिरीपर्यंत चालतानाही त्या मध्ये थांबू लागल्या होत्या. सलीमभाई मोटारीसाठी आला की स्वतःच आधी ओरडायचा, “बसा काकू, बसा, खालचाच आणतो.” आणि खाटेपर्यंत येऊन त्यांच्या हातात खडा द्यायचा. रस्त्यावरच्या खड्याचा खेळ त्याने सोडून दिला होता. काकूंना ते मुळीच आवडले नाही. एकदा मला म्हणाल्या, “सलीम बिघडला. खरं वागून राह्यला.”

मी मुन्नाच्या मागे लागले. त्याने कोणाला, त्याने आणखी कोणाला, असे फोन फिरत राहिले. एका रविवारी दुपारी मुन्नाने एक नंबर पाठवला. मी काकूंच्या खाटेजवळ स्टूल ओढले, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. पलीकडून कोणी तरी बाई उचलेल आणि रडेल, याचीच मला भीती होती.

“कौन?” पुरुषाचा आवाज आला.

मी काकूंकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते.

“वर हाय का खाली?” काकूंनी विचारले.

“मौसी? ऊपर हूँ, मौसी. अभी आया.”

“खडा?”

“रखा है.” आणि मग तो भडाभडा बोलू लागला. खाली कठडा पडून पाय मोडला होता. गावी पडून होता, फोन तिथेच कुठे तरी गेला. आता पुन्हा कामावर लागला होता. इथे कोणी मागत नाही, पण तो रोज एक खडा उचलतो. “सब रखा है. जिस दिन पैर टूटा, उस दिन का भी है. स्ट्रेचर पे लाए थे ऊपर. मुट्ठी में था.”

काकू रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मुठीने पदर तोंडावर धरून, लहान मुलीसारख्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुहा खडा माह्याकून वाया गेला रे. पीठ झालं त्याचं.”

“कौन सा? सफेद वाला?” लोकनाथ हसला. “मौसी, वो तो वहीं टूट रहा था. देते टाइम आधा मेरे हाथ में रह गया था.”

काकूंनी पदर खाली घेतला. माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले. “अन् हे तू आता सांगून राह्यला? मी तुह्या नावानं भात सोडला, गावाले खीर खाऊ घातली, अन् तो तुटकाच होता?” त्यानंतर त्यांनी त्याची अशी काही खरडपट्टी काढली की पलीकडचा माणूस नुसता “जी मौसी, जी मौसी” करत राहिला. शेवटी म्हणाल्या, “दुसरा आणजो. पाण्यात घालून आणजो. अन् स्वतः आणजो, कोणाच्या हाती पाठवू नको.”

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पातेले सरळ केले आणि तांदूळ शिजवून पाण्यात घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी कांदा-मिरचीशी तो भात खाल्ला. मला तो खरोखर आवडला. काकू म्हणाल्या, “चिमणी खाऊन राह्यली आज.”

लोकनाथला सुट्टी मिळायची होती. काकू त्याची वाट पाहत होत्या, पण आता त्या वाट पाहण्यात घोर नव्हता. पावसाळा सरता सरता, एका सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि चुलीपाशीच बसल्या. मी पाणी घेऊन आले तेव्हा त्या गेल्या होत्या. भिंतीला टेकून, समोर फळी.

मलकापूरहून पुतण्या आला, तिरडी बांधली गेली, अंगणात माणसे जमली. मला रडू येत नव्हते. कोणीतरी मडके आणून ठेवले. तेवढ्यात विहिरीकडून सलीमभाई येताना दिसला. कपडे भिजलेले, केसांतून पाणी गळत होते. मोटार तर चालू होती, कोणी त्याला बोलावलेही नव्हते. वर येताना शेवटच्या पायरीवर तो जरा वेळ तसाच उभा होता, असे मला नंतर शेजारणीने सांगितले.

तो पुतण्यापुढे आला आणि ओली मूठ उघडली. काळा, शेवाळाचा खडा.

“मडक्यासाठी हा घ्या, भाऊ,” तो म्हणाला. “रोडवरचा उचलू नका. काकूले चालत नाही.”

पुतण्याला काही उमगले नाही, पण त्याने खडा घेतला. मला मात्र तेव्हा जे रडू फुटले ते कितीतरी वेळ आवरेना. काकूंचा जीवखडा त्यांच्याच विहिरीच्या तळाचा झाला. दहाव्याला तो नदीत सोडला.

लोकनाथ त्यानंतर चार-पाच दिवसांनी आला. मुन्नाने त्याला कळवले होते. मलकापूरला रेल्वेतून उतरून, दोन गाड्या बदलून, एका पायाने किंचित लंगडत. हातात स्टीलचा डबा. सलीमभाईने त्याला एसटी स्टँडवरून आणले. मी दार उघडले, या म्हटले, बसा म्हटले. लोकनाथ उंबऱ्याबाहेरच उभा. मला वाटले, लाजतोय. पुन्हा आत बोलावले. तो हलेना. डब्याचे झाकण त्याने काढले होते. आत पाणी, पाण्यात कापड, आणि कापडात पांढरट गुलाबी काहीतरी. तो डबा धरून खाली पाहत तसाच उभा.

“मॅडम,” सलीमभाई हळूच म्हणाला, “हात.”

तेव्हा माझ्या लक्षात आले. मी उंबऱ्यापाशी गेले आणि तळहात पसरला. मग म्हणाले,

“खडा दे.”

लोकनाथने ओल्या कापडातून तो जुडगा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. गार होता. एकही कांडी मोडलेली नव्हती. मग त्याने चपला काढल्या आणि तो घरात आला.